सारा कोणी भरला?

शेतातलं घर पाडलं तर त्याची नोंद कुठे होते? बहुधा कुठेच नाही. त्याच घरामागचा आंबा तोडायचा म्हटलं की अर्ज लागतो, पंचनामा होतो, परवानगीचा कागद निघतो. 1964च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आंबा आहे, चिंच आहे, फणस आणि जांभूळही आहेत. विहीर बुजली तरी तलाठ्याच्या कागदावर ती पुढे कित्येक वर्षं भरलेली असते. घराच्या नशिबी एवढंही नाही. चार पिढ्यांची बाळंतपणं आणि तेरावी ज्या माळवदाखाली झाली, ते घर महसुली दप्तरात उतरतं ते काही गुंठ्यांचा आकडा होऊन, आणि तो आकडा ज्या रकान्यात बसतो त्याचं नाव ‘पोटखराब’.

पोटखराब म्हणजे सर्व्हे नंबराच्या पोटातली लागवडीला निरुपयोगी जमीन. तिचे दोन वर्ग. ‘ब’ वर्गात रस्ता, ओढा, स्मशान असं सार्वजनिक वापराचं. ‘अ’ वर्गात खडकाळ तुकडे, आणि त्यांच्याच पंगतीला शेतकऱ्याचं खळं आणि शेतातलं घर. खडकातून सरकारला काही मिळत नव्हतं, घरातूनही नाही. म्हणून दोघांची बोळवण एकाच रकान्यात. हे एकदा लक्षात आलं की पुढचा उलगडा होतो. आपल्याकडचं जमिनीचं दप्तर मालक कोण हे लिहून ठेवण्यासाठी तयार झालंच नव्हतं. सारा कोणाकडून घ्यायचा हे विसरायला नको म्हणून ते लिहिलं गेलं. ज्यावर सारा बसतो ते दप्तराला दिसतं, बाकीच्याकडे ते ढुंकून बघत नाही. तेव्हा पाडलेलं घर आणि तोडलेली बाग कोणाकोणाच्या मालकीची होती हे शोधायचं असेल, तर घराच्या मागे लागून हाती फारसं येत नाही. विहीर धरावी, झाडं धरावीत, आणि त्या त्या वर्षी पैसे कोणी भरले ते पाहावं.

या प्रकरणासाठी मी पुणे जिल्ह्यातला इंदापूर तालुका निवडला, त्याला कारण आहे. 1835 साली गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी जमीनमोजणीची आणि आकारणीची जी पद्धत बसवली, तिची सुरुवात इथे झाली. पुढे ती मुंबई इलाखाभर पसरली. आणि याच तालुक्याचा भीमाकाठचा बराच पट्टा 1980 साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या पाण्याखाली गेला. आधुनिक दप्तराचा पहिला प्रयोग ज्या मातीवर झाला, तिच्यातलीच काही शेतं त्या दप्तराचा हिशेब मिटवून गेली.

त्या पट्ट्यातला एक मळा नमुन्यादाखल धरू. नदीपासून दोन शेतं आत, दगडी बांधणीची विहीर, तिच्यावर मोट, मोटेच्या पाण्यावर आमराई आणि थोडी लिंबोणी, कडेला चार खणांचं माळवदी घर. हा मळा कोणा एकाचा नाही. कोणाचंही नाव घालावं. कागदांचा क्रम मात्र खराखुरा आहे, आणि तो वाचायचा शेवटाकडून सुरुवातीकडे. शोध घेणारे वकीलही असंच उलटं चालतात.

शेवटचा मालक ओळखायला सोपा: महाराष्ट्र शासन, पाटबंधारे खातं. उन्हाळ्यात पाणी मागे सरून जी गाळाची जमीन उघडी पडते ती शासन हंगामापुरती ‘गाळपेर’ म्हणून देतं, आणि त्यात प्रकल्पग्रस्तांना प्राधान्य असतं. ज्याचा मळा बुडाला त्याचा नातू त्याच मातीत एका पिकासाठी अर्ज करू शकतो. मात्र त्या जमिनीत त्याला झाड लावता येत नाही.

त्याच्या आधीचा कागद म्हणजे भूसंपादनाचा निवाडा. या सगळ्या शोधात त्याच्याइतका बोलका कागद दुसरा नाही. 1894च्या कायद्याखाली जमीन घेताना संयुक्त मोजणी व्हायची. मोजणी खात्याचा भूकरमापक, संपादन मागणाऱ्या खात्याचा माणूस, तलाठी आणि खातेदार असे सगळे शेतात उभे राहायचे. जमिनीची किंमत एकीकडे आणि जमिनीवरचं सगळं दुसरीकडे: विहीर, घर, झाडं. घराचं मूल्यांकन बांधकाम खात्याचा अभियंता करणार. त्यामुळे जोत्याची लांबी-रुंदी, भिंत दगडमातीची की चुन्याची, तुळया सागाच्या की बाभळीच्या, हे सगळं कागदावर येतं. सरकारनं त्या घराकडे नीट पाहिलं ते ते नाहीसं करायच्या वेळी. झाडांचीही तशीच मोजदाद: जात, वय, घेर, फळ धरतं की नाही. घर मग पाण्यानं पाडलं असं समजू नये. बहुतेक ठिकाणी ते घरच्यांनीच उतरवलं. तुळया, दारं, चौकटी, उंबरे बैलगाडीत घालून नव्या वसाहतीत नेले.

बागेच्या मोबदल्याचा हिशेब हा स्वतंत्र वादाचा विषय आहे. आमराईची किंमत काढायच्या दोन वाटा. एक तर बागेचं वार्षिक उत्पन्न धरून त्याची ठरावीक पट करायची. नाहीतर जमिनीचा भाव द्यायचा आणि झाडं लाकूड-जळणाच्या दरानं धरायची. दोन्ही एकदम देता येत नाही, कारण फळ हे शेवटी जमिनीचंच उत्पन्न. 1995 साली सर्वोच्च न्यायालयानं हे पुन्हा स्पष्ट सांगितलं आणि फळबागेच्या उत्पन्नाची पट 8च्या वर नेऊ नये असंही म्हटलं. शेतकऱ्याला हे पटत नाही, आणि मला शेतकऱ्याचं पटतं. आंब्याची कोय रुजल्यापासून झाड धरायला लागेपर्यंत राखणीत, पाणी घालण्यात गेलेली वर्षं या दोन्ही हिशेबांत कुठे बसत नाहीत.

पण शोधणाऱ्याच्या दृष्टीनं भांडण ही चांगली गोष्ट असते. मोबदला कमी वाटला की खातेदार कलम 18 खाली दाद मागायचा, प्रकरण दिवाणी न्यायालयात जायचं, आणि तिथे पिंजऱ्यात उभा राहून तो शपथेवर सांगायचा की बाग कोणी लावली, मोट जाऊन इंजिन कधी आलं, फळ कोणत्या बाजारात जायचं, घरात कोण कोण राहायचं. उलटतपासणीत सरकारी वकील त्यातलं निम्मं खोडायचा प्रयत्न करायचा, म्हणजे आणखी तपशील. महसुली दप्तरात नसलेलं घर अशा साक्षींत सापडतं. आणि पैसे कोणी किती घ्यायचे यावर तंटा झाला असेल, तर आणखी एक गोष्ट घडते. सातबाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या जी नावं नव्हती ती उगवतात. दिलेल्या मुली, विभक्त झालेला चुलता, दुसऱ्या बायकोची मुलं. बाग उभी असताना ज्यांनी कधी हिस्सा मागितला नाही, त्यांना रोख रक्कम समोर आल्यावर हक्क आठवतो, असं हिणवून म्हणायची रीत आहे. ते अन्यायाचं आहे. बाग उभी होती तेव्हा त्यांना विचारलं कोणी?

इथे कोणी आडवा प्रश्न घालेल: ग्रामपंचायतीत घराची नोंद असतेच की. असते. नमुना 8, म्हणजे कर आकारणीची नोंदवही. शेतातल्या वस्तीवरच्या घरांनाही घरपट्टी लागते, आणि तिथे घरमालकाचं नाव, भोगवटादाराचं नाव, बांधकामाचा प्रकार अशी माहिती मिळते. जुन्या वह्या जपल्या गेल्या असतील तर घर कोणत्या साली कच्च्याचं पक्कं झालं हेही कळतं. पण हाही पुन्हा वसुलीचाच कागद. मालकीचा पुरावा म्हणून एकट्या नमुना 8 वर न्यायालयं विसंबत नाहीत. अलीकडे गावोगावी ड्रोन फिरवून घरांची मोजणी झाली आणि मिळकतपत्रिका वाटल्या गेल्या. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीपासून राज्यात तो प्रयोग सुरू झाला. ती मोजणी गावठाणाची आहे. जुन्या बोलीत सांगायचं तर ड्रोन पांढरीवर फिरला, काळीत गेला नाही. मळ्यातलं घर काळीत.

आणखी मागे जाताना पहिली ठेच लागते ती गटवारीची. 1947च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याखाली गावोगाव योजना राबवल्या गेल्या, विखुरलेले तुकडे अदलाबदलीनं एकत्र केले गेले, आणि सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजचा गट घेऊन थेट जुन्या दप्तरात गेलं की भलत्याच शेतात पोचायला होतं. दोन्हींना जोडणारा दुवा म्हणजे एकत्रीकरण योजनेचं पत्रक. कोणत्या सर्व्हे नंबराचा कोणता हिस्सा कोणत्या गटात गेला ते त्यात असतं. ते न घेता निघालेली माणसं तालुक्याच्या कचेरीत हेलपाटे घालत राहतात. या अदलाबदलीत विहीर आणि बाग असलेला माणूस सहसा जागचा हलायला तयार नसे, हे शोधणाऱ्याच्या पथ्यावर पडतं. सातबाऱ्याच्या डोक्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा एक रकाना असतो, पुष्कळदा रिकामा. तो भरलेला असला तर नशीब. नंबर बदलतात. ‘वाड्याचा मळा’, ‘आमराई’, ‘लिंबाचं शेत’ ही नावं बदलत नाहीत.

मग येतं 1957. मुंबई कूळवहिवाट आणि शेतजमीन कायदा 1948चा. त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि 1 एप्रिल 1957 हा ‘कृषक दिन’ ठरला. त्या दिवशी जमीन कसणारं कूळ कायद्यानं तिचा मालक मानलं गेलं. (हे पश्चिम महाराष्ट्रापुरतं. मराठवाड्यात हैदराबादचा 1950चा कायदा होता आणि विदर्भासाठी 1958चा वेगळा, त्यामुळे तिकडच्या मळ्यांची तारीख वेगळी निघते.) आपल्या मळ्याचा मालक त्या सुमारास पुण्यात नोकरीला किंवा वकिलीला होता असं धरू, कारण तसे फार होते. घराला कुलूप किंवा घरात कूळच. फेरफारात मग 32-ग ची नोंद दिसते, म्हणजे खरेदीची किंमत ठरवल्याची, आणि पैसे फिटले की 32-म चं प्रमाणपत्र.

या 32-ग च्या चौकशीची फाइल मागून घ्यावी असा माझा आग्रह असतो, आणि लोक ती मागत नाहीत. कारण किंमत नुसत्या जमिनीची ठरत नसे. आकाराच्या, म्हणजे साऱ्याच्या, 20 ते 200 पटींत जमिनीची रक्कम, आणि तिच्यात मिळवायचं जमीनमालकानं केलेलं बांधकाम, विहिरी, ताली आणि त्यानं लावलेली झाडं यांचं मोल. म्हणजे मालकाला किंमत वाढवायची तर सांगावं लागे की घर माझ्या वडिलांनी बांधलं, झाडं आम्ही लावली. कुळाला कमी करायची तर तो सांगणार की झाडं माझी, विहिरीचा गाळ मी काढला, घर पडायला आलं होतं ते मी सावरलं. या दोन जबाबांच्या मधे कुठेतरी घराचा आणि बागेचा खरा इतिहास असतो. झाडांचे हक्कही कायद्यानं बारकाईनं वाटले होते. आपोआप उगवलेल्या झाडांच्या उत्पन्नात कुळाचे दोन वाटे, मालकाचा एक. कुळानं स्वतः लावलेलं झाड वेगळं. रस्त्याकडेचा चिंचेचा वृक्ष कोणी लावला नव्हता, म्हणून त्याच्या चिंचांचे असे तीन वाटे धरायचे आणि मळ्यातला रायवळ कोणी लावला यावर साक्षीपुरावे.

आणि एक पळवाट होती. ऊस, फळं किंवा फुलं यांच्या लागवडीसाठी भाडेपट्ट्यानं दिलेल्या जमिनींना कायद्याच्या कलम 43-अ नं कुळाच्या खरेदी हक्काच्या तरतुदींतून वगळलं होतं. मग ती जमीन भाडेपट्ट्यानं दिली होती ती बागेसाठी की शेतीसाठी, हा प्रश्न लाख मोलाचा झाला. जिथे पाच-पन्नास झाडं आणि खाली ज्वारी, तिथे काय म्हणायचं? पीकपाहणीचा बारा नंबर बघायचा, आणि त्यात तलाठ्यानं त्या साली काय लिहिलं असेल ते. ‘आंबा झाडे’ एवढे दोन शब्द लिहिले किंवा गाळले गेले, त्यावर मालक ठरला अशी प्रकरणं कोर्टात गेली तर नवल नाही.

1948चा कायदा कागदावर क्रांतिकारक होता. प्रत्यक्षात काय झालं, याची पाहणी वि. म. दांडेकर आणि गो. ज. खुदानपूर यांनी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे केली. तिचा अहवाल 1957 सालीच आला. कुळांनी ‘स्वखुशीनं’ जमिनी सोडून दिल्याची प्रकरणं त्यांना मोठ्या प्रमाणावर दिसली. ही स्वखुशी कशी मिळवली जात असेल ते गावात राहिलेल्याला वेगळं सांगायला नको. म्हणून 1948 ते 1957 या काळातला ‘कुळाने राजीनामा दिला’ असा फेरफार दिसला की मी तिथे थांबतो. साखळी सरळ आहे असं वाटणं हीच शंकेची जागा.

घरातल्या घरातले फेरफार वाचायलाही अशीच नजर लागते. थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरं आली तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. बाकीचे भाऊ त्या तीन अक्षरांत मावलेले. ‘अ.पा.क.’ असलं तर नाव अज्ञान मुलाचं आणि कारभार पालनकर्त्याचा. पुढे कधीतरी नव्यानं उतारा लिहिताना ही अक्षरं गळतात, आणि थोरल्याची मुलं एकटीच वारस ठरतात. कपट असेलच असं नाही. कंटाळलेल्या लेखनिकाकडूनही असं घडतं. विधवा ‘इतर हक्क’ या रकान्यात सापडते: पोटगीपुरती, हयातीपुरती, कधी मळ्यातल्या घराच्या एका खणात राहण्यापुरती. घराचा उल्लेख सातबाऱ्यावर व्हायचा सगळ्यात मोठा संभव मला तरी याच रकान्यात दिसला आहे. 1956च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुलींची नावं वारसांत येऊ लागली, आणि त्यांच्या मागोमाग हक्कसोडपत्रंही येऊ लागली.

फेरफार म्हणजे काय तेही नीट समजून घ्यायला हवं. कोणीतरी वर्दी देतो, तलाठी नोंद घालतो, नोटिसा काढतो, हरकत आली नाही तर वरचा अधिकारी ती प्रमाणित करतो. अशी नोंद खरी आहे असं कायदा गृहीत धरतो, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. फेरफारानं मालकी निर्माण होत नाही, फेरफार ही फक्त वसुलीसाठी केलेली नोंद आहे, हे न्यायालयांनी इतक्यांदा सांगितलं आहे की गावात कोणी ऐकत नाही. ही हक्कनोंदणीही तशी नवीच: 1903चा मुंबईचा हक्कनोंदणी कायदा, आणि 1913 साली ती व्यवस्था जमीन महसूल अधिनियमातच आली. त्याच्या आधी फेरफार नाहीत. त्याच्या मागे जायचं तर सब-रजिस्ट्रारच्या कचेरीतली खतं आणि मोजणी खात्याचे कागद.

खतांत बहुधा सावकार भेटतो. विंगेटच्या आकारणीनं जमिनीला 30 वर्षांचा ठरलेला सारा आणि खातेदाराला ती विकायचा-गहाण टाकायचा मोकळा हक्क मिळाला. हक्क मिळाला तसा तो तारणही झाला. 1867 साली इंदापूरची मुदत संपली आणि फेरआकारणीत सारा वाढला. अमेरिकेतल्या यादवीच्या काळात चढलेले कापसाचे भाव तोवर उतरले होते. 12 मे 1875 रोजी शेजारच्या भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला लोकांनी सावकारांची दुकानं-घरं फोडली आणि खतं-रोखे जाळले. माणसांपेक्षा कागदांवर राग होता. आपल्या मळ्याचा त्या काळातला कागद जळला असेल तर साखळीतली एक कडी तिथेच गेली. जळला नसेल तर तो ‘खरेदीखत’ म्हणून मिळेल आणि फसवेल. खरेदीखतासोबत, वेगळ्या कागदावर, अमुक मुदतीत पैसे दिल्यास जमीन परत देईन असा करार केलेला असायचा. ही मुदतखरेदी, नाव विक्रीचं, आत्मा गहाणाचा. 1879च्या दख्खन शेतकरी कायद्यानं न्यायालयाला अशा व्यवहाराच्या मुळाशी जायची मुभा दिली. पुढे मालमत्ता हस्तांतरण कायद्यातल्या 1929च्या दुरुस्तीनं परतीची अट त्याच दस्तात हवी असं ठरलं. म्हणून 1929च्या आधीचं खरेदीखत एकटं वाचू नये. त्याचा जोडीदार कागद शोधावा.

खतांतही घर एका दमात येऊन जातं. चतुःसीमा लिहायची, आणि मग दगडमाती, झाडझाडोरा, विहीर, घर, निधिनिक्षेप हे सगळं ‘तदंगभूत वस्तूंसह’ विकून टाकायचं. ही वाक्यं मोजक्या कारकुनांच्या हातची ठरीव असत. घर नसलेल्या शेतालाही कधी कधी चिकटायची. त्यावरून घर होतं असं ठरवू नये.

आता आपण 1835च्या मोजणीशी येऊन पोचलो. तिच्या आधी प्रिंगल नावाच्या असिस्टंट कलेक्टरनं पुणे जिल्ह्यात मोजणी केली होती. जमिनीचं निव्वळ उत्पन्न काढून त्याचा 55 टक्के सारा घ्यायचा, असं त्याचं पुस्तकी गणित. खालच्या अमलदारांनी उत्पन्नाचे आकडे रचले, सारा झेपेना, इंदापूरची शेतं ओस पडली, लोक निजामाच्या मुलखात निघून गेले. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडून दिला. जमीन साखळीनं मोजायची, माती खोदून तिची खोली आणि रंग पाहायचा, आण्यांत प्रत लावायची, 16 आणे म्हणजे सर्वोत्तम. साखळी 33 फुटांची. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा, असे 40 गुंठे म्हणजे एकर. आजही हेच माप चालतं. शेताची आकृती त्रिकोणांत मोडून जी नोंद केली ती टिपण, क्षेत्रफळाचा हिशेब गुणाकार बुकात, गावाची गोळाबेरीज आकारबंदात. 1847च्या संयुक्त अहवालानं ही पद्धत पक्की केली.

या कागदांत मळा शोधायचा तो विहिरीवरून. मोजणीच्या वेळी पाणी देणारी विहीर असेल तर तिच्याखालची जमीन बागायत म्हणून, मोटस्थळ म्हणून वेगळी काढून जास्त आकारायची. नंतर खातेदारानं पदरच्या पैशानं विहीर खणली तर तिच्यामुळे सारा वाढवायचा नाही, हे धोरण पुढे कायद्यातही आलं. त्यामुळे मळ्याचं वय काढायला एक सोपी खूण मिळते: पहिल्या मोजणीत मोटस्थळ आहे, की जिरायत लिहिलंय आणि बाग नंतर झाली? झाडांचं असं नव्हतं. साग, शिसव, चंदन ही झाडं सरकारनं आपल्याकडे राखून ठेवली होती, ती रयतेच्या बांधावर असली तरी. आंब्याकडे सरकारचं लक्ष कमी, हे आमराईचं भाग्य.

मळा इनाम असेल तर आणखी एक वाट फुटते. 1852च्या इनाम कमिशननं सनदा तपासल्या, ज्यांच्या टिकल्या त्यांना जमीन राहिली, आणि त्या छाननीचे कागद पुण्याच्या एलिनेशन ऑफिसात जमा झाले. आपण त्यालाच पुणे पुरालेखागार किंवा पेशवे दप्तर म्हणतो. देवस्थान इनामाची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही, तरी ती विकल्याची खतं निघतात. महार वतनाच्या जमिनींचं त्याहून वाईट. वतन खालसा झालं 1958च्या कायद्यानं, जमिनी पुन्हा वतनदारांना दिल्या गेल्या, पण नदीकाठचे चांगले तुकडे त्याआधीच तोंडी व्यवहारांत दुसऱ्यांच्या ताब्यात गेलेले असत. अशा मळ्याचा ‘पहिला मालक’ विचारला की सांगणारे साखळी सोयीच्या ठिकाणी तोडतात.

1835च्या मागे मोडी लिपी आणि मराठी राज्याचं दप्तर. गावाची जमीन थळांत वाटलेली, थळाला मूळ घराण्याचं नाव. ज्याची वंशपरंपरेची जमीन तो मिरासदार, बाहेरून येऊन खंडानं करणारा उपरी, आणि ज्या घराण्यात कोणी उरलं नाही त्यांची जमीन गतकुळी. कोणतं थळ कोणाचं याचा कागद म्हणजे थळझाडा. सारा इथेही आहेच, पण तो गावानं मिळून भरायचा. आणि मालकीचा तंटा झाला तर निवाडा करायला गोत बसायचं, पाटील-कुलकर्णी, बलुतेदार, आसपासच्या गावचे जाणते. त्यांच्या महजरावर सह्यांऐवजी निशाण्या, पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा. हा कागद वसुलीसाठी झालेला नसे, हक्क कोणाचा एवढ्याचसाठी व्हायचा. त्यामुळे वतनाच्या जुन्या निवाड्यांत शेताच्या आणि मानपानाच्या जोडीनं वाडा आणि घराची जागाही नीट सांगितलेली सापडते. ती जागा पांढरीतली असते. मळ्यात तेव्हा बहुधा राखणदाराची खोप होती, आणि तिचा उल्लेख त्याही कागदांत नाही.